गुरुत्वीय लहरी आणि कृष्णाकाठचे गणिती

दिनांक 14 सप्टेंबर 2015, सोमवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आली होती, त्या वर्षी पावसाने ओढ दिल्यामुळे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेतकरी हवालदिल झाला होता, आणि रहिमतपुरात बाजारपेठेपासून रणदुल्लाखानाच्या कबरीपर्यंत नित्याचे सारे व्यवहार चालू होते. अशा त्या क्षणी येथील प्रत्येक भिंत, प्रत्येक मनुष्य आणि नदीपात्रातील प्रत्येक दगड एका दिशेने किंचित ताणला गेला आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने किंचित आकुंचन पावला, हे कोणालाही जाणवले नाही. जाणवण्यासारखे ते नव्हतेच. पुणे ते मिरज या सुमारे दोनशे किलोमीटरांच्या सरळ अंतरात जो फरक पडला असेल तो प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा.

परंतु त्याच लहरीने अमेरिकेत लुइझियाना राज्यातील लिव्हिंगस्टन येथील एका यंत्रात आपली नोंद केली, आणि त्यानंतर सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या हॅनफर्ड येथील दुसऱ्या यंत्रातही केली. संकेत उणापुरा दोन दशांश सेकंद टिकला. तेवढ्यात त्याची कंप्रता 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली आणि मग तो विरला. सुमारे 1.3 अब्ज प्रकाशवर्षे अंतरावर, सूर्याच्या 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे परस्परांभोवती फिरत फिरत एकरूप झाली होती, त्यांचे 62 सूर्यांच्या वस्तुमानाचे एक विवर बनले होते, आणि उरलेले तीन सूर्यांचे वस्तुमान केवळ अवकाशाच्या कंपनांच्या रूपाने विश्वभर पसरले होते, असा त्या नोंदीचा अर्थ निघाला. आइन्स्टाइनचे शंभर वर्षांपूर्वीचे भाकीत खरे ठरले, असे जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले, आणि ते यथार्थच होते. मात्र भाकीत आणि पडताळा यांच्या मधल्या शतकात ज्यांनी प्रयोगाची आशा नसताना केवळ समीकरणांवर निष्ठा ठेवून काम केले, त्यांची कथा त्या मथळ्यांत मावली नाही. त्या कथेचा एक पदर कोल्हापूर, कुरुंदवाड, पुणे आणि औंढा नागनाथ या आपल्या परिचयाच्या गावांतून जातो, म्हणून ती येथे क्रमाने सांगावयाची आहे.

आरंभ अर्थात आइन्स्टाइनपासूनच करावा लागतो. नोव्हेंबर 1915 मध्ये बर्लिन येथे त्यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणे पूर्ण केली. वस्तुमानामुळे अवकाश आणि काल वक्र होतात आणि त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असे त्या समीकरणांचे सार. पुढच्याच वर्षी त्यांनी असा निष्कर्ष काढला, की वस्तुमाने वेगाने हलली तर ही वक्रता लहरींच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरली पाहिजे. 1918 च्या निबंधात आधीची एक चूक सुधारून त्यांनी लहरींबरोबर किती ऊर्जा वाहून जाते याचे सूत्रही दिले. सूत्रातून येणारे आकडे इतके अल्प होते, की त्या लहरी कोणी कधी मोजील असे त्यांना स्वतःलाही वाटले नाही. इतकेच नव्हे, तर 1936 मध्ये नेथन रोझेन या सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी अशा लहरी अस्तित्वातच नसतात असे प्रतिपादन केले. ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकांनी तो निबंध एका परीक्षकाकडे अभिप्रायार्थ पाठविला, परीक्षकाने त्यात दोष दाखविला, आणि आपले लेखन परवानगीवाचून दुसऱ्यास दाखविले म्हणून रुष्ट झालेल्या आइन्स्टाइन यांनी निबंध परत घेतला. तो परीक्षक म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन हा गणिती होता. त्याने पुढे खासगी चर्चेत आइन्स्टाइन यांच्या साहाय्यकाला चूक समजावून दिली, आणि सुधारलेला निबंध उलट निष्कर्षासह दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सिद्धांताच्या जनकालाही जेथे असे हेलकावे खावे लागले, तेथे इतर पदार्थवैज्ञानिकांनी त्या विषयाकडे पाठ फिरवली यात आश्चर्य नाही. पुंजयांत्रिकी आणि अणुकेंद्राचे विज्ञान यांच्या त्या भरभराटीच्या दिवसांत व्यापक सापेक्षता हे गणितज्ञांचे एकाकी क्षेत्र बनून राहिले.

नेमक्या त्याच काळात कोल्हापूरचा एक तरुण त्या एकाकी क्षेत्रात शिरला. विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म 26 सप्टेंबर 1908 रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, तेथे गणितात मोठे यश त्यांनी संपादन केले, आणि पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून 1932 मध्ये, वयाची पंचविशीही पुरी झाली नसताना, बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली. परदेशात राहून कीर्ती मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्याऐवजी गंगेच्या काठी, मर्यादित ग्रंथसंग्रह आणि महिनोन्‌महिने उशिरा येणारी नियतकालिके यांच्या आधारावर त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची एक शाळा उभी केली. आपल्या देशात या विषयाची अखंड परंपरा तेथूनच सुरू झाली असे माझे मत आहे.

त्या शाळेचे आकर्षण किती होते हे एका विद्यार्थ्याच्या उदाहरणावरून कळते. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण 1942 मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीसह बनारसला येऊन राहिले; कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती, गाठीच्या अल्प पुंजीवर सुमारे दहा महिने त्यांनी काढले, आणि त्या अवधीत नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली प्रकाश उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वक्षेत्राचे समीकरण त्यांनी सोडविले. 1943 मध्ये बंगलोरच्या ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध झाले. देश ‘छोडो भारत’च्या वणव्यात होता, जग महायुद्धात होते, आणि त्या छोट्या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वीस वर्षांनी क्वेसार सापडले, प्रचंड ऊर्जा ओतणाऱ्या वस्तूंचे गुरुत्व कसे मोजावयाचे हा प्रश्न खगोलशास्त्रापुढे उभा राहिला, तेव्हा वैद्यांचे उत्तर तयार होते. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांचे 1955 चे समीकरण आणि सी. व्ही. विश्वेश्वर यांचा 1970 चा शोध हीदेखील याच गणिती पिंडाची फळे. विश्वेश्वर यांच्या शोधाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून तो येथेच सांगतो: कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठराविक स्वरांत कंप पावते आणि ते स्वर झपाट्याने विरतात, हे त्यांनी गणिताने दाखविले.

इकडे यंत्रांच्या जगात उलाढाल चालू झाली होती. 1957 मध्ये अमेरिकेतील चॅपेल हिल येथे भरलेल्या परिषदेत गुरुत्वीय लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात, म्हणून तत्त्वतः त्या मोजता येतील, याविषयी सहमती झाली. तेथून प्रेरणा घेऊन जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमचे मोठाले दंडगोल टांगून ते लहरींनी झणझणतात का ते पाहण्यास आरंभ केला, आणि 1969 मध्ये, एकमेकांपासून सुमारे हजार किलोमीटर दूरच्या दोन दंडगोलांत एकाच वेळी झालेल्या कंपनांच्या आधारे, लहरी सापडल्याची घोषणा केली. इतर प्रयोगशाळांनी तसलीच यंत्रे उभारली. कोणालाही काही आढळले नाही. वेबर यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या वाट्याला फार कटुता आली, तरी दूरदूरच्या दोन यंत्रांनी एकाच क्षणी दिलेली साक्षच ग्राह्य मानावी हा न्याय त्यांनी घालून दिला, आणि पुढे सर्व यश त्या न्यायावरच मिळाले. मॅसॅच्युसेट्समध्ये रायनर वाइस यांनी 1972 च्या एका अहवालात धातूच्या दांड्याऐवजी लेझर किरणांचा मार्ग सुचविला: एक किरण दुभंगून परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन लांब भुजांत पाठवावा, टोकांच्या आरशांवरून तो परत आला की दोन्ही भाग पुन्हा एकत्र करावेत, आणि लहरीमुळे एक भुजा लांबली व दुसरी आखडली तर प्रकाशाच्या मेळात पडलेला फरक मोजावा. या अहवालात प्रत्येक प्रकारच्या गोंगाटाचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडलेला आहे, की चाळीस वर्षांनी यंत्र बांधणाऱ्यांनाही तो मार्गदर्शक ठरला.

लहरी आहेत याचा अप्रत्यक्ष पुरावा मात्र आकाशातूनच आला. 1974 मध्ये हल्स आणि टेलर यांनी पावणेआठ तासांत परस्परांभोवती फिरणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी शोधून काढली. त्यांपैकी एक तारा स्पंदक होता, त्यामुळे त्याच्या ठोक्यांवरून कक्षा मोजता आली. ती कक्षा वर्षानुवर्षे आखडत होती, आणि आखडण्याचे प्रमाण 1918 च्या सूत्राशी तंतोतंत जुळत होते. 1982 मध्ये डोनाल्ड बॅकर आणि त्यांचा तरुण विद्यार्थी श्रीनिवास कुलकर्णी यांनी एका सेकंदात 642 वेळा फिरणारा स्पंदक शोधला. कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण हुबळीचे. रहिमतपूरच्या पश्चिमेकडून वाहत गेलेली कृष्णा कऱ्हाड आणि सांगली ओलांडून नरसोबाच्या वाडीला पंचगंगेस मिळते, त्या संगमाच्या शेजारचे हे गाव. इतका जलद आणि नियमित फिरणारा तारा म्हणजे निसर्गाने आकाशात ठेवलेले अचूक घड्याळच आहे, आणि अशी अनेक घड्याळे एकत्र वाचली तर गुरुत्वीय लहरींची मंद भरती-ओहोटीही मोजता येईल, ही कल्पना अशा स्पंदकांमुळेच व्यवहारात उतरण्याजोगी झाली. तिचे फळ पिकण्यास चाळीस वर्षे लागली.

या सर्व काळात पुण्यात काय चालले होते? विष्णुपंतांचे पुत्र जयंत, जन्म कोल्हापूर, 19 जुलै 1938, बालपण बनारसचे, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाच्या सिद्धांतामुळे 1964 मध्ये जगभर परिचित झालेले, 1972 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे नाव दिले, त्या चार नगरांतले शेवटचे पुणे. तेथे 1988 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पाठबळाने आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, त्यांनी उभे केले. विद्यापीठांत शिकविणाऱ्या आणि साधनांअभावी संशोधनाला मुकणाऱ्या प्राध्यापकांना हक्काने येऊन काम करता यावे, हा त्या संस्थेच्या सनदेचा गाभा. नारळीकर स्वतः महास्फोटाच्या प्रचलित सिद्धांताचे अखेरपर्यंत टीकाकार राहिले. तरीही आपल्या संस्थेत त्यांनी आपले मत कोणावर लादले नाही, आणि ज्या विषयात त्यांचे स्वतःचे संशोधन फारसे नव्हते त्यालाही त्यांनी आसरा दिला. मला त्यांच्या कार्यातील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

तो विषय म्हणजे गुरुत्वीय लहरींच्या नोंदींचे पृथक्करण, आणि तो चालविणारे गृहस्थ संजीव धुरंधर. यंत्र तर नव्हतेच. अमेरिकेतील लायगो या प्रकल्पाची बांधणीदेखील 1994 पर्यंत सुरू व्हावयाची होती. अशा वेळी धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे ज्या रीतीने असे संकेत शोधले गेले तिचा पाया त्यात घातला गेला. ही रीत थोडी जवळून पाहिली पाहिजे. यंत्राच्या नोंदीत गोंगाट नेहमीच असतो आणि संकेत बहुधा त्यात बुडालेला असतो. जत्रेच्या गर्दीत शेकडो आवाज कानावर आदळत असतानाही आईला आपल्या मुलाची हाक वेगळी ऐकू येते, कारण त्या हाकेचा घाट तिच्या मनात आधीच ठसलेला असतो. तसेच येथेही आहे. दोन कृष्णविवरे मिळताना लहरीचा घाट कसा असेल हे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधी काढावयाचे, तो घाट नोंदीवरून क्षणाक्षणाने सरकवीत न्यावयाचा, आणि जेथे तो उत्तम जुळेल तेथे खूण करावयाची. अडचण अशी, की विवरांची वस्तुमाने आधी ठाऊक नसतात, म्हणून घाटही एक नव्हे, अगणित संभवतात. सर्व तपासू म्हटले तर गणकयंत्रांना पिढ्या लागतील, आणि फार थोडे तपासले तर खरा संकेत दोन घाटांच्या फटीतून निसटून जाईल. किती घाट घ्यावेत, परस्परांपासून किती अंतरावर घ्यावेत, म्हणजे संकेत निसटण्याचा धोका मर्यादेत राहील, या प्रश्नाचे शिस्तशीर उत्तर त्या निबंधाने आणि नंतरच्या पुण्यातील कामाने दिले. घाट स्वतः अचूक असावे लागतात, त्यासाठी लागणारे किचकट गणित बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह पुरे केले. पंचवीस वर्षे हे सारे परिश्रम अशा संकेतासाठी चालले होते, ज्याचा मागमूस कोणालाही लागलेला नव्हता. वर्षाच्या अखेरीस ‘काय सापडले’ असे विचारणाऱ्या अनुदानाच्या व्यवस्थेत असे काम टिकणे सोपे नसते. पुण्यात ते टिकले, आणि धुरंधरांच्या हाताखालून निघालेले विद्यार्थी जगभरच्या चमूंत रुजू झाले.

यंत्राच्या बाजूचे श्रम त्याहूनही दीर्घ होते. लायगोची भुजा चार किलोमीटर लांब. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या पृष्ठाची वक्रता मीटरभराहून अधिक येते, म्हणून किरण सरळ जावा यासाठी जमिनीची मोजणी आणि भराव तितक्याच काळजीने करावा लागला. सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची पोलादी नळी हवेच्या दाबाच्या एक लक्ष कोटीव्या भागापर्यंत रिकामी केलेली. चाळीस किलोग्रॅमचा काचेचा आरसा काचेच्याच बारीक तंतूंवर, चार लंबकांच्या उतरंडीच्या तळाशी टांगलेला. लिव्हिंगस्टनला जवळच्या जंगलातील लाकूडतोड आणि आगगाड्या यांच्या हादऱ्यांनी पहिली काही वर्षे दिवसा काम करणेच दुरापास्त झाले होते. रहिमतपूर स्थानकावरून धडधडत जाणारी मालगाडी ज्यांच्या कानांच्या सवयीची आहे त्यांना या संकटाची कल्पना सहज येईल. 2002 ते 2010 या काळात पहिल्या पिढीच्या यंत्रांनी नोंदी घेतल्या आणि काहीही सापडले नाही. मग ती उघडून, नवे आरसे आणि नवी टांगणी बसवून पुन्हा जुळविण्यात पाच वर्षे गेली. आणि त्या नव्या यंत्रांची अधिकृत नोंदणी सुरू होण्यापूर्वीच, चाचण्या चालू असताना, 14 सप्टेंबरचा संकेत येऊन पोहोचला.

त्या संकेताची पहिली चाहूल घाटांच्या रीतीने लागली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ती लागली कोणताही विशिष्ट घाट न धरणाऱ्या एका त्वरित शोधप्रणालीने, काही मिनिटांतच. परंतु तो केवळ योगायोगाने जमलेला गोंगाट नव्हे हे सिद्ध करण्याची पाळी आली तेव्हा सुमारे अडीच लाख घाटांशी नोंद ताडून पाहण्यात आली, आणि असा योगायोग 2,03,000 वर्षांतून एकदाही घडण्याचा संभव नाही हा निर्णायक आकडा त्या रीतीनेच दिला. 11 फेब्रुवारी 2016 रोजी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले असताना, वॉशिंग्टन येथून घोषणा झाली. ती ऐकण्यास पुण्यात आयुकाच्या सभागृहात गर्दी जमली होती. शोधनिबंधाखाली हजाराहून अधिक नावे होती, त्यांत तीसहून अधिक भारतातील संस्थांची.

यानंतर विज्ञानाचा वेग झपाट्याने वाढला. 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकरूप झाल्याची लहर आली, आणि केवळ 1.7 सेकंदांनी त्याच दिशेकडून गॅमा किरणांचा झोत आला. युरोपातील व्हर्गो हे यंत्र त्याच महिन्यात कामास लागले होते. तिघांच्या साक्षीने आकाशातील जागा इतकी मर्यादित झाली, की सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत ती जळती ठिणगी काही तासांतच दुर्बिणींना सापडली. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्या अवशेषावर दीर्घकाळ पाळत ठेवली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशाच आघातांत घडतात याचा साक्षात पुरावा त्या घटनेने दिला. त्याच वर्षी वाइस आणि लायगोच्या उभारणीतील त्यांचे सहकारी बॅरिश व थॉर्न यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन यंत्रांनी लहर आली हे कळते, पण ती कोठून आली हे नीट कळत नाही. दिशा काढावयाची तर दूरदूरच्या यंत्रांतील वेळांचा फरक ताडावा लागतो. म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास एक यंत्र असावे, ही निकड पहिल्या संकेताच्या कितीतरी आधीपासून जाणवत होती. भारतीय वैज्ञानिकांनी 2009 मध्ये त्यासाठी संघटना स्थापन केली. अमेरिकेकडे तिसऱ्या यंत्राचा पूर्ण संच तयार होता, तो आधी ऑस्ट्रेलियास देऊ केला गेला, 2011 मध्ये तो बेत फिसकटला, आणि भारताचे नाव पुढे आले. पुण्यातून तरुण सौरदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे या खात्यातून त्या खात्यात पाठपुरावा केला. शोधाच्या घोषणेनंतर सहाच दिवसांनी, 17 फेब्रुवारी 2016 रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. परंतु 2,600 कोटी रुपयांची तरतूद आणि अंतिम मंजुरी यावयास 6 एप्रिल 2023 उजाडला. त्या सात वर्षांत जमीन ताब्यात आली, सर्वेक्षणे झाली, हे खरे. पण ज्या काळात उर्वरित जग दरवर्षी डझनांनी संकेत टिपत होते त्या काळात आपले यंत्र दप्तरातच राहिले, आणि हे नुकसान भरून निघणारे नाही असे खेदाने नमूद करावे लागते. आयुकासह गांधीनगर, इंदूर आणि मुंबई येथील संस्थांवर बांधणीची जबाबदारी आहे.

जागा ठरली ती हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ. नामदेवांना विसोबा खेचर जेथे भेटले असे परंपरा सांगते तेच हे क्षेत्र. अनेक राज्यांतील जागा पाहिल्यानंतर सपाट जमीन, रेल्वे व मोठे रस्ते यांपासूनचे अंतर, समुद्राच्या लाटांचा कमी पोहोचणारा हादरा अशा कसोट्यांवर ती पसंत पडली. भूमीच्या स्थैर्याची चर्चा आम्हा सातारकरांना परकी नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, तेव्हा दख्खनच्या कठीण पाषाणाविषयीची आमची निश्चिंती गेली ती कायमची. आज कऱ्हाडजवळ हजारमाची येथील प्रयोगशाळेमार्फत त्याच भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खडकात तीन किलोमीटर खोल विवर खणून मोजमापे घेतली गेली आहेत. हिंगोली-नांदेड पट्ट्यातही 2024 मध्ये धक्के जाणवले. भूकंपाच्या प्रसंगी यंत्र थांबवून आरसे सुरक्षित ठेवण्याची तजवीज अमेरिकेतील केंद्रांतही आहे. औंढ्याला खरी लढाई मोठ्या धक्क्यांशी नव्हे, तर अहोरात्र चालणाऱ्या सूक्ष्म थरथरीशी द्यावी लागेल, आणि तीत आसपासच्या गावांचे, शेतातील यंत्रांचे, रस्त्यांच्या नियोजनाचे सहकार्य लागेल.

असे सहकार्य कसे मिळते आणि कोठे अडते, याचा अनुभव खोडदने घेतला आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तेथील 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. पोलादी दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची ती रचना हलकी आणि स्वस्त, आणि भारतीय परिस्थितीला अनुरूप असा तो स्वतंत्र आविष्कारच होय. आसपासच्या उद्योगांवर बंधने घालून तेथील रेडिओ-शांतता राखली जाते. या दुर्बिणीने कुरुंदवाडच्या सुपुत्राने शोधलेल्या जातीचे जलद स्पंदक वर्षानुवर्षे मोजले. स्पंदकाचा ठोका ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना रेंगाळतो, आणि तो किती रेंगाळला हे कमी कंप्रतेवर उत्तम कळते. युरोपीय दुर्बिणींच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींना खोडदच्या साडेतीन वर्षांच्या नोंदींची जोड मोलाची ठरली ती याच कारणाने. भालचंद्र जोशी प्रभृतींचा भारतीय चमू आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन येथील चमू यांनी 29 जून 2023 रोजी एकाच वेळी जाहीर केले, की एकेका हेलकाव्यास वर्षानुवर्षे लागणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा अखंड गुंजारव विश्वात भरून राहिल्याची चिन्हे मिळाली आहेत. कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाच्या विवरांच्या जोड्या हा त्याचा संभाव्य उगम. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, आणि महाराष्ट्राचे सारे लक्ष पंढरपुराकडे असल्याने ही वार्ता आपल्याकडे फारशी पोहोचली नाही.

14 जानेवारी 2025 चा संकेत त्या पहिल्या संकेतासारखाच, परंतु यंत्रे सुधारल्यामुळे कितीतरी अधिक स्पष्ट आला. नव्याने जन्मलेल्या विवराचे विरत जाणारे स्वर त्यात वेगवेगळे ओळखता आले. विश्वेश्वर यांनी 1970 मध्ये कागदावर मांडलेले स्वर हेच. विवरे एकरूप होताना त्यांचे एकूण पृष्ठफळ कधी घटत नाही, या हॉकिंग यांच्या प्रमेयालाही त्या नोंदीने भक्कम पुष्टी दिली. तोवर नोंदलेल्या घटनांची संख्या तीनशेच्या घरात गेली होती. त्याच वर्षी, 20 मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर आणि ऑगस्टमध्ये रायनर वाइस निवर्तले.

औंढ्याच्या यंत्राचा संच अमेरिकेत जपून ठेवलेला आहे. इमारती आणि निर्वात नळ्या येथे तयार झाल्यावर तो यावयाचा, आणि या दशकाच्या अखेरीस काम सुरू व्हावे अशी अपेक्षा आहे. तोवर आपल्या महाविद्यालयांनी थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. लायगोने आपल्या नोंदी सर्वांसाठी विनामूल्य खुल्या ठेवल्या आहेत. 14 सप्टेंबर 2015 च्या त्या क्षणाभोवतीच्या बत्तीस सेकंदांची नोंद, सेकंदाला 4,096 आकडे या हिशेबाने, सुमारे सव्वा लाख आकड्यांची भरते. साधा संगणक ती सहज पेलतो. कऱ्हाड, सातारा वा सांगलीच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्याने धुरंधरांच्या रीतीने एक घाट घेऊन तो त्या नोंदीवरून सरकवीत नेला, तर आलेखात ठीक तीन वाजून वीस मिनिटे पंचेचाळीस सेकंदांच्या जागी एक उंच शिखर उभे राहते, आणि ते शिखर काढून पाहण्यास एखादी दुपार पुरते.